स्नोबोर्डवाल्यांचे घोटे

पाय दुखतो म्हणून माणूस माझ्याकडे येतो आणि टेबलावर आडवा झाला की सांगतो, तसं काही दुखत नाही. या एका गोष्टीने मला जेवढा वैताग दिला तेवढा जर्मन व्याकरणानेही दिला नाही. व्याकरण निदान पुस्तकात लिहिलेलं असतं.

म्युनिकच्या उत्तरेला उंटरश्लाइसहाइम नावाचं गाव आहे. नाव नीट उच्चारता येईपर्यंत इथल्या अर्ध्या लोकांची नोकरी बदललेली असते. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती, मधे एक बेकरी, आणि बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमचं फिजिओथेरपीचं प्राक्सिस, म्हणजे दवाखाना. यंदाच्या वसंतापर्यंत मी तिथे काम केलं. माझी सोलापूरची पदवी इथे चालते की नाही हे ठरवायला कचेऱ्यांनी इतका वेळ घेतला, की तेवढ्यात माझी मुलगी बालवाडीतून शाळेत गेली. पण एकदा चालते म्हटल्यावर पुन्हा कुणी विचारलं नाही, हेही खरं.

इथली पद्धत आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. पेशंट थेट आमच्याकडे येत नाही. आधी डॉक्टर तपासतो, रेत्सेप्ट, म्हणजे उपचाराची चिठ्ठी, लिहून देतो, आणि त्यावर जे लिहिलंय तेच आम्ही करायचं. निदान करणं आमचं काम नाही. वीस मिनिटं मिळतात. त्यातली पाच बूट काढण्यात जातात, पाच बूट घालण्यात, आणि मधल्या दहा मिनिटांत माणूस मला पटवून देत असतो की त्याला फारसं काही झालेलं नाही.

नोव्हेंबरपर्यंत मान आणि कंबर. ख्रिसमस उलटला की पाय. शनिवारी सगळं गाव आल्प्सकडे पळतं आणि सोमवारी लंगडत माझा जिना चढतं. त्यातल्या स्कीवाल्यांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांचे गुडघे जातात आणि ते तसं सांगतात. माझा राग स्नोबोर्डवाल्यांवर.

स्नोबोर्ड म्हणजे एक लांबट फळी. तिच्यावर आडवं उभं राहून उतारावरून घसरायचं. दोन्ही पाय फळीला बांधलेले. ज्या सांगाड्यात ते बांधतात त्याला बाइंडिंग म्हणतात: तळाला पट्टी, मागे पोटरीला टेकणारी पाठ, आणि वरून दोन दातेरी पट्टे, एक घोट्यापुढे, एक बोटांवर. कळ दाबत गेलं की पट्टे कटकट करत आवळत जातात. स्कीवरून पडलात तर पाय सुटतो. बाइंडिंगमधून सुटत नाही. माणूस आणि फळी एकत्रच गडगडतात.

आता बहुतेकांचं दुखणं पडल्यामुळे नसतंच. बूट मोठे घेतल्यामुळे असतं. दुकानात घट्ट वाटतात, म्हणून लोक एक माप वरचं घेतात, वर थंडी वाजेल म्हणून दोन जोड मोजे. मग बुटात टाच उचलली जाते, बोर्ड वळत नाही, म्हणून पट्टा आवळायचा. वळला नाही की आणखी आवळायचा. पावलाच्या वरच्या भागात नसा अगदी कातडीलगत असतात, त्या दाबल्या जातात, बोटं बधिर होतात. पाय बुटात धरून ठेवायला माणूस आतल्या आत बोटं आकसतो, तळव्यात गोळे येतात. यावर उपाय फुकट आहे. मापाचा बूट, एक पातळ मोजा, पट्टा दोन दाते सैल. मी हे इतक्या जणांना सांगितलं असेल की झोपेत विचारलं तरी सांगेन. एका गृहस्थांनी ते सगळं मान डोलावत ऐकून घेतलं आणि पुढच्या सोमवारी नवे, आणखी महाग बाइंडिंग घेऊन आले. बूट तेच. एक बाई म्हणाल्या, तुम्ही स्वतः कधी बोर्डवर उभ्या राहिला आहात का? नाही राहिले. दातांचा डॉक्टरही स्वतः दात किडवून बघत नाही.

हे झालं नेहमीचं. मला सांगायचंय ते मिलिंदबद्दल.

मिलिंद नागपूरचा, चाळिशी नुकतीच ओलांडलेला, शेजारच्याच काचेच्या इमारतीत गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिणारा. म्युनिकच्या मराठी मंडळींच्या बुद्धपौर्णिमेला मी त्याला आधी पाहिलं होतं. खीर वाढत होता, आणि सगळ्यांना वाढून होईपर्यंत त्याच्यासाठी उरली नव्हती. कुणी विचारलं तर म्हणाला, मला गोड फारसं आवडत नाही. त्याच वेळी मी ओळखायला हवं होतं की हा माणूस पेशंट म्हणून किती त्रास देणार आहे.

तो आला गेल्या वर्षी जानेवारीत. दोन्ही पावलं वरून सुजलेली, डाव्या पायाची बोटं बधिर.

"कधीपासून आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"तसं विशेष काही नाही मॅडम."

"मग डॉक्टरांनी रेत्सेप्ट काय माझी आठवण आली म्हणून दिलं?"

तो हसला. म्हणाला, "मला अहो-जाहो नका करू, ताई. डिसेंबरपासून आहे. स्नोबोर्ड शिकतोय."

मी त्याला पुढच्या खेपेला बूट आणि बाइंडिंग घेऊन यायला सांगितलं. आणलं. तिथेच घालून उभं राहायला लावलं. सांगायलाच नको: बूट मोठे, मोजे दोन, पट्टा शेवटच्या दात्यापर्यंत. मी माझं ठरलेलं सगळं सांगितलं आणि बजावलं, की बूट बदलल्याशिवाय डोंगरावर पाऊल टाकायचं नाही. तो जा जा, गेनाऊ, म्हणजे हो हो, अगदी बरोबर म्हणाला. आणि सोमवारी लंगडत आला.

"गेला होतास?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे काय? अर्ध्या डोंगरापर्यंत?"

मी त्याचं पाऊल दाबत होते आणि मनात म्हणत होते की हा वेळ मी एखाद्या ऐकणाऱ्या माणसाला दिला असता तर किती बरं झालं असतं. मग त्याने हळूहळू सांगायला सुरुवात केली.

त्याची बायको सुजाता पेशींवर संशोधन करते. दोन वर्षांपूर्वी तिला हायडेलबर्गला हवी तशी जागा मिळाली, तेव्हापासून ती आठवडाभर तिकडे असते, शुक्रवारी येते, रविवारी परत जाते. घरी मिलिंद आणि तेरा वर्षांची रेवा. रेवाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये, आणि तेही एका शब्दात. जा म्हणजे हो, नाइन म्हणजे नाही, नाहीतर एगाल. एगाल म्हणजे काहीही असो, मला फरक पडत नाही. एवढं बोलून ती खोलीत जाते आणि दार लावून घेते.

"मी बोर्ड तिच्यासाठी शिकलो, ताई. ती छान करते. वर जाताना, तारेवरून डोंगर चढणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीत आम्ही दोघंच असतो. तिथे ती बोलते. शाळेतलं, मैत्रिणींचं, आईचं. खुर्चीला दार नसतं ना, आपटून आत जायला."

"बरं. आणि पाय सगळ्यात जास्त कधी दुखतो?"

तो जरा ओशाळला. "लिफ्टमध्येच."

हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. लिफ्टमध्ये बसताना मागचा पाय बाइंडिंगमधून काढतात आणि पुढचा बांधलेलाच ठेवतात. अख्खी फळी त्या एका पायावर लोंबकळते. आवळलेला पट्टा, सुजलेलं पाऊल आणि खाली ओढणारं वजन. म्हणजे ज्या वेळासाठी हा माणूस इतका खटाटोप करत होता, त्याच वेळात त्याला घाम फुटत होता.

"आणि त्यात ती काय बोलते ते तू काय डोंबल ऐकतोस?"

"सगळं ऐकतो," तो म्हणाला. आणि ते खरं असावं, कारण मग त्याने मला रेवाच्या वर्गातल्या एका भांडणाची हकिगत नावनिशीवार सांगितली.

त्यानंतर मला त्याच्यावर पूर्ण चिडता येईना, हा माझा तोटा झाला. मी दुकानाचा पत्ता दिला. मापाचा बूट घ्यायला लावला. घोट्यापुढचा पट्टा जिथे बसायला हवा तिथे सरकवून दिला. खुर्चीत बसल्यावर मोकळा पाय फळीखाली घालून तिचं वजन उचलून धरायचं, हे टेबलावर बसवून शिकवलं. थोड्या आठवड्यांत सूज उतरली, बोटांत जीव आला. शेवटच्या खेपेला त्याने मला नागपुरी संत्राबर्फीचा डबा दिला. मी म्हटलं, चला, एक तरी माणूस ऐकतो.

फेब्रुवारी सरता सरता तो पुन्हा आला. या वेळी कुबड्यांवर. डावा घोटा बाहेरच्या बाजूने वांग्यासारखा जांभळा.

"गाडीतळावर बर्फावरून घसरलो," तो म्हणाला. "डोंगरावरून परत निघताना. तिथल्याच हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नाही. मुरगळलाय फक्त."

रेत्सेप्टवरही तेच लिहिलेलं: घोटा मुरगळला, हालचाल वाढवावी. मी कामाला लागले. मुरगळलेला घोटा कसा वागतो ते मला माहीत आहे. आधी थयथयाट करतो, मग दिवसागणिक शहाणा होत जातो. हा होईना. मी पाऊल आतल्या बाजूला जरासं वळवलं की मिलिंदचे हात टेबलाच्या कडा धरायचे.

"दुखतंय?"

"नाही, नाही. चालू द्या."

"कपाळावर घाम कसला?"

"खोलीत गरम होतंय."

खिडकी उघडी होती आणि बाहेर बर्फ पडत होता.

तिसऱ्या खेपेला रेवा बरोबर आली. शाळेला सुट्टी होती आणि नंतर दोघांना दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. बारीक, उंच मुलगी, जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली. मला "हालो, काकू" म्हणाली, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली आणि फोनमध्ये डोकं घातलं. मी घोटा हातात घेतला, वळवला आणि नेहमीसारखं विचारलं. मिलिंद नेहमीसारखं म्हणाला, "नाही, बरं आहे आता."

"एर ल्यूग्ट," रेवा म्हणाली. खोटं बोलतोय. फोनमधून मान वर न करता.

"रेवा," मिलिंद म्हणाला.

ती जर्मनमध्ये सांगत राहिली, बातम्या वाचाव्यात तशा आवाजात. "घरी तो जिना बसून चढतो. उलटा, एकेक पायरी. मी खोलीत असले की. मला आवाज येतो. आणि तो गाडीतळावर पडलाच नाही. त्याने उडी मारली. बोर्डसकट, हवेत. उतरताना पडला."

मी घोट्यावरचे हात काढून घेतले.

हे असं का ते सांगते. घोट्याच्या आत, टाचेच्या हाडावर बसलेलं एक हाड असतं, तालूस. शरीराचं सगळं वजन त्याच्यावरून खाली पावलात उतरतं. उडीनंतर फळीला बांधलेला पाय वेडावाकडा टेकला तर या हाडाच्या बाहेरच्या बाजूचा कोपरा तुटू शकतो. स्नोबोर्डवाल्यांमध्ये ते इतकं घडतं की आमच्याकडे त्याला स्नोबोर्डरचा घोटाच म्हणतात. दुखतं अगदी तिथेच, जिथे मुरगळल्यावर दुखतं, आणि साध्या एक्स-रेत तो तुकडा पुष्कळदा दिसतच नाही. सीटी स्कॅन करावा लागतो. गाडीतळावर घसरलेल्या माणसाच्या बाबतीत हे कुणाच्या डोक्यात यायचं कारण नाही. माझ्याही आलं नव्हतं. आणि हाड तुटलेलं असेल तर मी त्या पायाला जे करत होते ते करायचंच नव्हतं.

"आजपासून हा पाय जमिनीला टेकवायचा नाही," मी म्हटलं. "आणि मी याला हातही लावणार नाही."

"ताई, इतकं काही नाहीये हो."

"मिलिंद, तू आता एक अक्षर बोलू नकोस."

त्याच्या हाडांच्या डॉक्टरकडे मी तिथूनच फोन लावला. काउंटरवरची बाई गोड आवाजात म्हणाली, मे महिन्यात एक टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, आहे. मी म्हटलं, मेपर्यंत हा माणूस बसून जिना चढणार आहे का? ती म्हणाली, तातडीचं असेल तर सकाळी रांगेत या. या देशात मला सगळ्यात जास्त कशाने दमवलं असेल तर टर्मिन या शब्दाने, पण त्या दिवशी माझा राग तिच्यावर नव्हता. दुसऱ्या सकाळी माझी पाळी उशिरा होती. मी त्याच्याबरोबर रांगेत उभी राहिले, कारण मला खात्री होती की एकटा सोडला तर हा डॉक्टरांना बरं आहे म्हणून सांगून परत येईल.

आणि त्याने तसंच केलं. माझ्यासमोर. डॉक्टर दमलेला, डोळे चोळत बसलेला माणूस. त्याने विचारलं, कसं आहे? मिलिंद म्हणाला, "गेट शोन." चालतंय. मी छताकडे पाहिलं.

डॉक्टर पडद्यावर एक्स-रे बघून म्हणाला, "फोटो स्वच्छ आहे. मुरगळल्यावर वेळ लागतो."

मी तोंड उघडणार तेवढ्यात सुट्टी म्हणून आमच्याबरोबर आलेली रेवा पुढे झाली. तिने आदल्या दिवशीचं सगळं पुन्हा सांगितलं. उडी, उतरणं, जिना. या वेळी तिचा आवाज सपाट नव्हता, मधे एकदा थांबावं लागलं तिला. डॉक्टरांनी टाइप करणं थांबवलं.

"स्नोबोर्ड? माझ्याकडे गाडीतळ लिहिलंय."

"मीच तसं सांगितलं होतं," मिलिंद म्हणाला.

"स्नोबोर्ड म्हणाला असतात तर पहिल्याच दिवशी सीटीला पाठवलं असतं." तो चिडून बोलला नाही. त्याने स्वतः फोन उचलला आणि त्याच दुपारची वेळ मागून घेतली. मला बरं वाटलं. वैतागलेला माणूस वैतागलेल्या माणसाला लगेच ओळखतो.

तुकडा तुटलेला होता आणि जागेवरून सरकलाही होता. इतके दिवस त्याच्यावर चालल्यामुळे सांध्याची गादीही खरवडली गेली होती. ऑपरेशन झालं, स्क्रू घातला, आणि पुढचे बरेच आठवडे पाय टेकवायला बंदी झाली.

ऑपरेशननंतर मी त्याला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेले. घरून उपमा करून नेला होता. सुजाता हायडेलबर्गहून आलेली होती. शांत बाई, हळू बोलणारी. ती खिडकीशी उभी होती आणि त्या खोलीत नुकतंच काहीतरी बोलणं होऊन गेलंय हे मला दारातच कळलं. मी डबा ठेवून निघणार होते, पण तिने थांबवलं.

"तुम्हीच सांगा ताई, उडी मारली म्हणून मी किती रागावले असते? संध्याकाळपर्यंत. फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. मी रविवारी फोन करून विचारते कसा आहेस, तर म्हणतो मस्त. मी तिकडे राहते म्हणून मला काही कळवायचंच नाही, असं ठरलंय का या घरात?"

मिलिंद उशीकडे बघत म्हणाला, "तू रेवाला बोलली असतीस."

"तिला का बोलेन?"

"तीच म्हणाली होती, ये बाबा, घाबरू नको. ती आधी उडी मारून खाली उभी होती. मी वरून विचारलं, जमेल का मला? ती म्हणाली, ट्राऊ डिश. हिंमत कर. मग मी मारली. आता हे तुला सांगितलं असतं तर सगळं तिच्यावर आलं असतं. म्हणून गाडीतळ."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दार उघडंच आहे. रेवा बाहेर उभी होती. हातात दोन कागदी पेले. तिने ते दाराशेजारच्या टेबलावर ठेवले आणि निघून गेली.

सुजाता तिच्यामागे निघाली होती, पण मिलिंद उठायला धडपडू लागला, त्याला धरावं लागलं. म्हणून मी गेले. रेवा जिन्यातल्या खिडकीत बसली होती. मी शेजारी बसले. माझी सगळी हुशारी घोट्यापर्यंतच.

ती जर्मनमध्ये म्हणाली, "मी सांगितलं म्हणून त्याने मारली. मग तो रोज मला म्हणायचा, काही नाही झालं. आणि मग जिना बसून चढायचा. मी काय करायला हवं होतं?"

"तू सांगितलंस की आम्हाला. म्हणून तर पाय वाचला."

"उशिरा सांगितलं," ती म्हणाली.

ती रडत नव्हती, रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. खाली जाऊन तिच्यासाठी चॉकलेट आणलं. तिने ते थँक यू म्हणून खिशात ठेवलं, खाल्लं नाही.

मला त्या दिवशी घरी जाताना जो राग आला होता तो आजही आठवतो. मिलिंदवर होता. वाईट हेतू असलेल्या माणसावर रागावणं सोपं असतं. हा सगळं प्रेमापोटी करत होता, आणि त्या प्रेमाने एक तेरा वर्षांची मुलगी दिवसेंदिवस भिंतीपलीकडे बसून बापाचं पायरी पायरी सरकणं ऐकत होती.

हे मी त्याला बोलून दाखवलं. आमच्या प्राक्सिसमध्ये तो पुन्हा येऊ लागला तेव्हा, बोटांचे व्यायाम करून घेताना. "आई रागावून दोन शब्द बोलली असती तर पोरीने रडून घेतलं असतं आणि विषय संपला असता," मी म्हटलं. "तू ते होऊ दिलं नाहीस. तिला एकटीला ते सांभाळत बसवलंस." तो बोटं हलवत राहिला. पण त्याने नंतरच्या खेपांना तिला बरोबर आणायला सुरुवात केली. ती यायची, कोपऱ्यात बसायची, फोन बघायची.

पुढचं थोडक्यात सांगते. मिलिंद आज चालतो. सपाट रस्त्यावर तुम्हाला कळणारही नाही. जुन्या गावातल्या दगडी रस्त्यांवर मात्र घोटा कुरकुर करतो, कारण पाऊल आतबाहेर जेवढं कलायला हवं तेवढं आता कलत नाही, आणि कलणारही नाही. स्नोबोर्ड बंद. बूट विकले, बाइंडिंग विकलं. रेवा क्लबच्या बसने मुलामुलींबरोबर डोंगरावर जाते. सुजाता अजून हायडेलबर्गलाच आहे आणि आता रविवारी फोनवर मस्त म्हटलं की लगेच व्हिडिओ लावायला लावते. मी निवृत्त झाले. सांधा पूर्ण मोकळा करता आला नाही याची रुखरुख आहे. आधी कळलं असतं तर झाला असता कदाचित. इतकी वर्षं हे काम करून दुखतंय का हे कसं विचारलं की माणूस खरं सांगेल, ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

एकदाच एकाने सांगितलं, ते लिहून थांबते.

डॉक्टरांनी पाय टेकवायला परवानगी दिली तो दिवस. आमच्याकडे दोन समांतर दांडे आहेत, त्यांच्यामध्ये मिलिंदला उभा केला. रेवा कोपऱ्यात. मी म्हटलं, अर्धंच वजन टाक. त्याने टाकलं. चेहरा बदलला. मी विचारलं नाही, कंटाळले होते विचारून.

"थांबा ताई," तो म्हणाला. "दुखतंय. फार दुखतंय."

मी त्याला मागच्या स्टुलावर बसवलं. रेवाने मान वर केली होती. मिलिंदने दांड्याला धरूनच तिच्याकडे पाहिलं.

"रेवा, ती उडी तू म्हणालीस म्हणून नाही मारली मी. मला मारायची होती. महिनाभर मनात होतं. तू म्हणाली नसतीस तरी त्या दिवशी मारलीच असती. हे मी आईलाही सांगितलंय."

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. खरं की खोटं ते तपासत असावी. आमच्याकडे एवढा बारीक तपास कुणी करत नाही.

मग तिने विचारलं, "वार्स गूट?" छान होतं का?

मिलिंदने विचार केला. खरोखर केला, मला दिसत होतं.

"उतरेपर्यंत," तो म्हणाला. "उतरेपर्यंत फार छान होतं."

रेवाला हसू आलं. तिने ते जाकिटाच्या कॉलरमध्ये दाबायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही, आणि मग ती इतकी हसायला लागली की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना. मिलिंदने एक हात दांड्यावरून काढून पुढे केला. ती उठून त्याच्याजवळ गेली.

बाहेर पुढचा पेशंट खोकून मला आपण आल्याची जाणीव करून देत होता. मी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि त्याला म्हटलं, बसा जरा.